गॅरेजातले विमान

‘तुझा भाऊ अमेरिकेत काय करतो गं?’ असे कोणी विचारले की आमच्या आईचे उत्तर ठरलेले असे : ‘कारखान्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात सुतारकाम.’ हे उत्तर खोटे नव्हते. फक्त त्या सुतारकामातून पाट, कपाट किंवा देव्हारा तयार होत नसून एक विमान तयार होत होते, एवढाच तपशील ती गाळीत असे. तिचेही बरोबरच होते म्हणा! नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात ‘माझा भाऊ घरी विमान करतो’ असे तिने सांगितले असते, तर लोकांनी काळजीने तिच्याकडेच पाहिले असते.

२०२३ च्या उन्हाळी सुटीत मी दोन महिने मामाकडे विस्कॉन्सिनमध्ये राहून आले. परत आल्यावर ‘अमेरिकेवर काहीतरी लिही’ असा आमच्या संपादक सरांचा लकडा लागला. परंतु मी नायगारा पाहिला नाही, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहिला नाही, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती तर विमानतळावरूनही दिसल्या नाहीत. मी पाहिले ते एक गॅरेज आणि एका गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवरचे पत्र्याचे हँगर. तेव्हा वाचकांनी त्यावरच समाधान मानावे.

मामाचे बालपण ओझरजवळ गेले. तिथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना सुरू झाला आणि मामाची पिढी डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे आवाज ऐकत मोठी झाली. खडकवासल्याला जायचे, वैमानिक व्हायचे, हे त्याने चौथीतच ठरवले होते. पुढे तपासणीत कळले की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. झाले! आजोबा सुतार होते. त्यांनी सांगितले, ‘लाकडाला रंग लागत नाही, रेषा लागते. माझ्याकडे ये.’ मामा काही दिवस त्यांच्या हाताखाली रंधा मारीत बसला, मग डिप्लोमा केला आणि शेवटी अमेरिकेत मशीन टूलच्या कारखान्यात लागला. तिथे त्याला समजले की रंगांधळ्यालाही तिकडे खाजगी विमान चालवता येते. रात्री उडायचे नाही, ही त्यातली मुख्य अट. आणि विमान विकत घ्यायला पैसे नसतील तर ते घरी करायलाही कायद्याची हरकत नाही!

या दुसऱ्या गोष्टीवर माझा विश्वास बसेना. मामा हसून म्हणाला, ‘अगं, जगातले पहिले विमान तरी कुठल्या कारखान्यात झाले होते? दोन भावांनी सायकलच्या दुकानातच केले ना?’ १७ डिसेंबर १९०३ हा दिवस इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला पाठ होता. पण त्या दिवसाकडे असे पाहता येईल हे कधी सुचले नव्हते.

मामा ज्या मंडळाचा सभासद आहे ते मूळ एका मोठ्या संस्थेची स्थानिक शाखा. ती संस्था म्हणजे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने १९५३ साली मिलवॉकीत काही समछंदी मंडळींना जमवून ती काढली. सुरुवातीचे कार्यालय म्हणजे त्याच्या घराचे तळघर. सभासदांची पत्रे, पत्रिकेचे टंकलेखन हे सारे त्याची पत्नी ऑड्री करीत असे. (चळवळ कुठलीही असो, टंकलेखन कोण करते हे जरूर पाहावे!) १९५५ साली पोबेरेझ्नीने एका लोकप्रिय मासिकात आठशे डॉलरच्या आत विमान कसे बांधावे यावर लेखमाला लिहिली आणि सभासदांची रीघ लागली. १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉश गावी त्यांची वार्षिक जत्रा भरते. हो, जत्राच! लोक आपापली विमाने घेऊन येतात आणि पंखाखाली तंबू ठोकून मुक्काम करतात. ती जुलैच्या अखेरीस असते आणि माझे कॉलेज त्याआधीच सुरू होणार होते, म्हणून ती काही मला पाहायला मिळाली नाही.

मामाच्या शाखेत साठ-पासष्ट माणसे. त्यांत एक निवृत्त दूधउत्पादक शेतकरी, एक शाळेची बस चालवणारे गृहस्थ, एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, आणि आमचा मामा. महिन्याच्या एका शनिवारी सकाळी हँगरमध्ये मोठ्या तव्यावर पॅनकेक होतात. आपल्या धिरड्याचे हे गोड भावंड खायला गावचे लोक येतात आणि त्या पैशांत मंडळाचे वीजबिल निघते. दुसऱ्या एका शनिवारी आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना फुकट विमानात बसवून आणतात. हा उपक्रम मूळ संस्थेने १९९२ मध्ये सुरू केला आणि आजवर वीस लाखांहून अधिक मुले त्यातून उडाली आहेत. मी पाहिले त्या दिवशी एक चिमुरडी उतरल्यावर आईला एवढेच म्हणाली की, आपले घर फार लहान आहे.

पण मंडळाचे खरे काम एकमेकांच्या गॅरेजांतून चालते. मामाचे विमान पीटेनपोल एअर कँपर जातीचे. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटेनपोल या मेकॅनिकने १९२९ साली ते फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून उडवले. १९३२ मध्ये त्याचे नकाशे छापून आले आणि त्यांवरून आजही लोक विमाने बांधतात. वर एकच लांब पंख, खाली उघड्या दोन बैठका, सारा सांगाडा स्प्रूस लाकडाचा आणि त्यावर कापड. मामाने २०११ मध्ये पहिली फळी आणली, तेव्हापासून त्यांच्या दोन्ही मोटारी बर्फात उभ्या राहू लागल्या.

हे लाकूड कसे निवडतात ते ऐकून मला आजोबांची आठवण झाली. फळीची रेषा सरळ हवी. पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी गेली की ती फळी बाद. आजोबा हेच डोळ्याने करीत, फूटपट्टी न लावता. सरसाचा म्हणजे तिथल्या इपॉक्सीचा प्रत्येक घाण कालवला की त्यातला थोडा घेऊन लाकडाचे दोन तुकडे चिकटवायचे, सुकल्यावर हातोडीने फोडायचे. लाकूड फाटले तर सांधा पक्का. सांधाच सुटला तर त्या घाण्याने केलेले सगळे काम काढून टाकायचे. मामाकडे असे फोडलेले तुकडे तारखा घालून खोक्यात ठेवलेले आहेत. विस्कॉन्सिनच्या थंडीत इपॉक्सी धरत नाही, म्हणून पंखाच्या फासळ्यांवर तो पेटी उपडी ठेवून आत दिवा लावीत असे. मामी म्हणते, ‘पिल्ले उबवायचीही अशीच असतात, पण ती एकवीस दिवसांत निघतात!’

मामीचा या सगळ्याला विरोध होता. होता म्हणजे, कापड चढवायची वेळ येईपर्यंत होता. पॉलिएस्टरचे कापड सांगाड्यावर चिकटवून त्यावर घरातलीच इस्त्री ठरावीक तापमानाला फिरवतात. ते आकसते आणि ढोलकीच्या कातड्यासारखे ताणून बसते. मग ते प्रत्येक फासळीला टाचावे लागते. हातभर लांब सुई पंखाच्या वरून खाली, खालून वर, मेण लावलेला दोरा, आणि दर टाक्याला गाठ. पंख्याच्या वाऱ्याचा झोत जिथे लागतो तिथे टाके जवळजवळ. मामाचे पहिले टाके पाहून मामी म्हणाली, ‘सरका.’ लहानपणी गोधड्या शिवलेला तो हात! एका पंखाची फासळी तिने अर्ध्या तासात संपवली. तेव्हापासून मंडळात कोणाच्याही विमानावर कापड चढवायचे असले की मामीला बोलावणे येते. बसचालक काकांच्या पंखावर आम्ही दोघी चार दिवस बसलो होतो. सुई मी खालून ढकलायची आणि तिने वरून ओढायची. बोलणे सगळे मराठीत, त्यामुळे ते काका आपल्याच विमानाविषयी आपल्यासमोर काय बोलले जाते आहे या चिंतेत होते.

जेवायच्या सुटीत मला हटकून एक प्रश्न येई : ‘तुमच्याकडे कोणी विमान बांधते का?’ १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मी लहानपणापासून ऐकली आहे. पण तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. आणि त्या कथेला ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार देतात, त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत हे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले. ज्या लोकांनी सरसाचा प्रत्येक घाणा फोडून पाहिला आहे त्यांच्यापुढे ती कथा सांगायला माझी जीभ वळेना, आणि वळायची गरजही नव्हती. मी त्यांना कॅप्टन अमोल यादव यांच्याविषयी सांगितले. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात ठेवले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. ‘गच्चीवर? मग खाली कसे आणले?’ हा सर्वांचा पहिला प्रश्न. क्रेनने, म्हटल्यावर दूधवाले आजोबा उठून माझ्याशी हस्तांदोलन करून गेले, जणू ते विमान मीच खाली उतरवले होते!

अमेरिकेतला नियम असा की, शिक्षण किंवा करमणूक यांसाठी हौशी माणसांनी विमानाचे निम्म्याहून अधिक काम स्वतः केले पाहिजे. त्याचा पुरावा म्हणजे कामाची वही आणि छायाचित्रे. मामाच्या अशा सात वह्या आहेत. मे महिन्यात तपासनीस आला, त्याने वह्या चाळल्या, विमान पाहिले, आणि प्रमाणपत्र दिले. विमानावर ‘एक्स्पेरिमेंटल’ ही अक्षरे ठळक लिहावी लागतात आणि प्रवाशाला दिसेल अशी एक पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधले असून ते नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. इतकी प्रामाणिक पाटी मी आपल्याकडच्या एकाही वाहनावर पाहिलेली नाही.

आता फक्त उडायचे राहिले होते. जूनच्या बैठकीत शाखेच्या उड्डाण सल्लागाराने, म्हणजे त्या दूधवाल्या आजोबांनीच, मामाला सर्वांसमोर एक साधा प्रश्न विचारला : ‘गेल्या वर्षभरात तू किती तास उडालास?’

मामा गप्प झाला. मग म्हणाला, ‘तीन.’

हँगरमध्ये कोणी हसले नाही. कारण हा रोग सर्वांना ठाऊक होता. विमान बांधणारा माणूस बारा वर्षे बांधीतच राहतो. सुटी, पैसा, शनिवार-रविवार सारे त्यात जाते आणि उडण्याचा हात जातो. नेमके त्याच हाताने, कधीही न उडालेले विमान पहिल्यांदा वर न्यायचे! आजोबांनी तेव्हा फ्रान्सच्या आंरी मिन्येची गोष्ट काढली. त्याने १९३३ मध्ये एक चिमुकले विमान उडवले आणि १९३४ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की, ज्याला खोके ठोकता येते त्याला हे विमान करता येईल. फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी ती भराभर बांधली. पुढे माणसे मरू लागली. विमान खाली झुकले की त्याच्या दोन पंखांचा असा काही मेळ बसे की ते पुन्हा वर येतच नसे, हे वातबोगद्यातल्या चाचण्यांत कळले, आणि १९३६ मध्ये ब्रिटनने त्यांचे उड्डाण थांबवले. ‘त्या लोकांचे सुतारकाम वाईट नव्हते,’ आजोबा म्हणाले, ‘पण त्यांना थांबवून प्रश्न विचारायला कोणी नव्हते. तुला आहे.’

घरी येताना गाडीत कोणी बोलले नाही. मामा रात्री गॅरेजात जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो पंख्याच्या लाकडावरून हात फिरवीत होता. तो पंखाही त्यानेच कोरलेला. म्हणाला, ‘खडकवासल्याला परक्या माणसाने नाही म्हटले होते. आता माझ्याच विमानात दुसऱ्याला बसवू?’ मला उत्तर सुचले नाही. एकसष्ट वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या भाचीने काय सांगायचे? मामी दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘घर गवंडी बांधतो म्हणून वास्तुशांतही तोच करतो का हो?’

दोन दिवसांनी मामाने आजोबांना फोन केला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी वारा पडलेला असताना त्यांनी ते विमान वर नेले. सर्व मंडळ हजर होते. आगीचे नळकांडे घेऊन बसचालक काका धावपट्टीच्या टोकाला उभे होते. चाके सुटली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामा आकाशाकडे पाहत नव्हता, तो डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होता. मामी मात्र पंखाकडे पाहत होती. पुढे मला म्हणाली की, टाके मोजीत होते. बावीस मिनिटांनी विमान उतरले. आजोबांनी टोपी काढली आणि पहिले वाक्य उच्चारले : ‘डावा पंख जरा जड आहे.’ मामाच्या हातात पाना होताच. आधारकांबीचा सांधा थोडा फिरवला की हे बरे होते. अभिनंदन करायला आलेल्या माणसांना पहिला अर्धा तास मामाचे फक्त पायच दिसले.

मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतले. मामाने पुढचे दोन महिने दुसऱ्याच्या जुन्या विमानात आजोबांबरोबर सराव केला आणि सप्टेंबरात आपले विमान स्वतः नेले. आईने ती चित्रफीत गल्लीतल्या सर्वांना दाखवली; ‘सुतारकाम’ हा शब्द तिने त्यानंतर वापरलेला नाही. नव्या विमानाने सुरुवातीचे ठरावीक तास एकट्या वैमानिकासह काढावे लागतात, प्रवासी चालत नाही. पंखा घरचा असल्यामुळे मामाच्या वाट्याला चाळीस तास आले. ‘एवढे दिवस तरी कायदा माझ्या बाजूने आहे,’ असे मामी फोनवर म्हणाली. दिवाळीत बोलले तेव्हा एकतीस झाले होते, आणि तिने कानावर येईल अशी लोकरीची टोपी विणायला घेतली होती.