वाटीखालची शीर

गुडघ्याच्या वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत जी जाड दोरी जाते, तिला पुस्तकात कंडरा म्हणतात. माझ्या नेरूळच्या दवाखान्यात हा शब्द आजवर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘मॅडम, वाटीखालची शीर दुखते.’ नस, रक्तवाहिनी, कंडरा, सगळ्या शिराच. बोट मात्र नेमक्या जागी ठेवतात.

या दुखण्याचं मोजमाप करणारी एक प्रश्नावली आहे, व्हिसा-पी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या नावावरून पडलेलं हे नाव. पारपत्राशी संबंध नाही. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. आठ प्रश्न, शंभर गुण. शंभर मिळाले म्हणजे तक्रार नाही. स्पॅनिश खेळाडूंसाठीची आवृत्ती २०११ मध्ये आली. ती वाचूनच मला मराठीची हुक्की आली. पद्धत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, मग मूळ न पाहिलेल्या माणसांकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यायचं, आणि कुठे घसरलंय ते बघायचं.

पहिली घसरण ‘दुखणं’ या शब्दावर झाली. उलट भाषांतरात तो चक्क ‘आजार’ होऊन आला. चूक कशी म्हणावी? आपण दुखणं काढतो, दुखण्यातून उठतो. ‘वेदना’ घालून पाहिलं, तर खो-खोची एक पोरगी हसायलाच लागली. शेवटी नाम सोडलं आणि क्रियापद धरलं: ‘दुखतं का?’

पहिलाच प्रश्न, न दुखता किती मिनिटं बसता येतं? इंग्रजीत खुर्ची लिहिलेली नाही, गृहीत धरलेली आहे. आमच्याकडे लगेच उलट प्रश्न येतो: ‘कसं बसून? मांडी घालून?’ माझा सहकारी म्हणाला, मांडीच लिहू, आपली माणसं तशीच बसतात. मोह मलाही झाला. पण मांडीत गुडघा कितीतरी जास्त वाकतो. मग आमच्या गुणांची तुलना स्पॅनिश गुणांशी कशी करायची? मी ‘खुर्चीवर’ असं लिहिलं. ते अजूनही खुपतं.

‘स्क्वॉट’ने तर आठवडा खाल्ला. जिममधल्या मुलाला तोच शब्द हवा. त्याच्या आईला ‘उकिडवं’ म्हटलं तरच कळतं. खो-खोत आठ जण चौकोनात बसलेले असतात, खो मिळाला की उसळून उठायचं. त्या पोरीला विचारलं, उकिडवं बसायला त्रास होतो का? ‘बसायला नाही हो, उठताना कळ येते.’ स्क्वॉटमध्ये बसणं-उठणं दोन्ही असतं, उकिडव्यात नुसतं बसणं. म्हणून आम्ही ‘उकिडवं बसून उठताना’ असं केलं.

एका पायावर दहा उड्या मारण्याचा प्रश्न मात्र फुकटात सुटला. लंगडी! कुणाला चित्र दाखवावं लागलं नाही, करून दाखवावं लागलं नाही. इंग्रजीला यासाठी तीन शब्द लागतात.

पुढे तपासणी. तोच माणूस काही दिवसांनी पुन्हा कागद भरतो. गुडघा तसाच असेल तर गुणही तसेच यायला हवेत. हे काम आकड्यांचं, चिकाटीचं, आणि खरं सांगायचं तर कंटाळ्याचं.

माझी खरी अडचण शेवटच्या दोन प्रश्नांची. खेळ आणि सराव यांवर मिळून चाळीस गुण आहेत. सातव्यात ‘किंवा इतर शारीरिक हालचाल’ असा दिलासा आहे, आठव्यात पुन्हा सरावाची मिनिटं. वाशीच्या बाजार समितीतले एक माथाडी काका, मूळचे साताऱ्याकडचे, कागद हातात धरून बराच वेळ थांबले.

‘काका, सध्या खेळता का, किंवा अंगमेहनतीचं काही करता का?’

‘खेळत नाय. पन्नास किलोची गोणी घेऊन दिवसभर चढ-उतार करतो. त्यो सराव धरायचा का?’

पेन्सिलीने त्यांच्या मिनिटांचा आकडा समासात लिहून ठेवलाय. चौकट अजून रिकामी आहे.