बी साईडचं शेवटचं गाणं

तरुणपणी ऐकलेल्या रॉक गाण्यांचा विषय निघाला की ठरलेली नावं येतात. डीप पर्पल, पिंक फ्लॉईड, 'हॉटेल कॅलिफोर्निया'. (हे शेवटचं तर गिटार हातात धरता येणाऱ्या प्रत्येकाने वाजवलंय, आणि बहुतेकांनी तेवढंच!) माझ्यासाठी मात्र सगळ्यांच्या आधी ब्रूस स्प्रिंगस्टीन. कारण अगदी साधं. आमच्या चाळीत आलेली पहिली इंग्रजी कॅसेट त्याची होती, 'बॉर्न इन द यूएसए'.

चाळ लोअर परळची, डिलाईल रोडवरची. वर्ष १९८६. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, आणि तो रीतसर मागे असा कोणी घेतलाच नाही. अडीच लाख कामगार त्यात उतरले होते, त्यातले एक आमचे आबा. रुळांच्या पलीकडच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. परत घेतलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ८६ साली ते दादरच्या एका इमारतीवर रात्रीचे वॉचमन होते आणि दिवसा घरी झोपायचे. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस झोपलेला, आई पोळ्या लाटतेय आणि मी टू-इन-वनला कान लावून बसलोय. आवाज इतका कमी की ड्रम्सपेक्षा कॅसेट फिरल्याची घरघर जास्त. रॉक हा प्रकार मोठ्याने ऐकायचा असतो हे मला रंगभवनला गेल्यावर कळलं :-)

रंगभवन म्हणजे धोबीतलावचं उघडं नाट्यगृह, झेवियर्सच्या शेजारी. तिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. रॉक मशीन हा आमचा बॅंड. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. गाणी इंग्रजी, केस लांब, पण गिटारवर महेश तिनईकर! मराठी आडनावाचा माणूस स्टेजवर एवढा आवाज करतोय याचा आम्हाला केवढा अभिमान. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनचे कार्यक्रम थांबले. असो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर शब्द. ते कोणाला कळत होते? मराठी शाळेतली पोरं आम्ही, ओळीतला एखादा शब्द हाताला लागायचा. बाकी नुसता सूर आणि ठेका, आणि तेवढ्यावर आम्ही खूश होतो. चाळीत भजनी मंडळाचे अभंग तरी कोण अर्थ लावून ऐकत होतं? आणि शब्द कळणाऱ्यांचं तरी काय सांगावं. १९८४ च्या प्रचारात खुद्द रेगनसाहेबांनी अमेरिकेच्या आशेचा गायक म्हणून स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. त्या कॅसेटच्या नावाचंच गाणं व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाचं आहे!

आता आमच्या कॅसेटबद्दल. ती विकतची नव्हती. परळला एकजण कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. त्याने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला स्प्रिंगस्टीन आणि दुसऱ्या बाजूला डायर स्ट्रेट्स भरलं होतं. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि स्प्रिंगस्टीनचा अल्बम पावणेसत्तेचाळीसचा. त्यामुळे त्याच्या बी साईडचं शेवटचं गाणं, 'माय होमटाऊन', मध्येच खट् करून थांबायचं. अनेक वर्षं मला ते गाणं तसंच माहीत होतं. हळू चालीचं, कीबोर्डवरचं, आणि शेवट नसलेलं.

पुढे सीडी घेतली, सोबत छापलेले शब्द होते. वाचत गेलो आणि तिसऱ्या कडव्याशी थांबलो. त्यात रुळांच्या पलीकडची कापडगिरणी बंद होतेय! मुकादम सांगतोय की ही कामं गेली, ती काही परत यायची नाहीत. स्प्रिंगस्टीनच्या गावात, न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डमध्ये, गालिच्यांची गिरणी होती. त्याच्या वडिलांनीही तिथे काम केलं होतं. साठच्या दशकात ती बंद पडली. आमच्याकडची कामं भिवंडीच्या मागांवर गेली, तिथली आणखी कुठे गेली असतील.

खरं कडवं मात्र पुढचं, आमच्या कॅसेटवर नसलेलं. पस्तिशीचा नवरा आणि त्याची बायको रात्री पडल्या पडल्या बोलतायत, सामान बांधून इथून जावं का, दक्षिणेकडे. आमच्याही खोलीत हे बोलणं चालायचं, मी झोपलोय असं समजून. आमचीही दक्षिणच, संगमेश्वराकडची. संपाच्या दुसऱ्या वर्षी चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं तिकडे गेली. आई म्हणायची जाऊ, आबा म्हणायचे गणपती होऊ देत. किती गणपती झाले!

त्यानंतरचं लोअर परळ सगळ्यांना ठाऊक आहे. फिनिक्सचा मॉल झाला. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग आलं, तिथे रॉक बॅंड वाजायचे, २०१६ मध्ये तेही बंद झालं. मी एकदाच गेलो. आवाज उत्तम होता, बिअरची किंमत ऐकून मात्र पाणी मागवलं.

त्याच सुमारास एका रविवारी मी आबांना ते गाणं पूर्ण ऐकवलं. तोवर त्यांची वॉचमनकी सुटली होती, दिवसभर घरीच. साडेचार मिनिटं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. गिरणी, मुकादम, नवराबायकोचं बोलणं, शेवटी लहान मुलाला मांडीवर घेऊन गाडीतून गाव दाखवणं.

"मग गेला का तो?"

"ते गाण्यात नाही."

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलगा शाळेत जात असेल तर नसेल गेला," आणि आईला चहा टाकायला सांगितला.