निघायचे कोणत्या बंदरातून?

सुरत हे एके काळी बंदर होते, हे आता सुरतेत जन्म घालवलेल्यांनाही मुद्दाम आठवावे लागते. तापीच्या काठी मक्काई पूल आहे. हजला निघालेले यात्रेकरू तेथून मचव्यात चढत, म्हणून त्याला ते नाव. त्यांच्या उतरण्यासाठी शहाजहानच्या अमदानीत बांधलेल्या मुघल सराईत आज महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि लहानसहान दाखल्यांसाठी आम्ही तिच्या पायऱ्या कित्येकदा चढलो आहोत. परंतु 'निघायचे ते कोणत्या बंदरातून' हा त्या यात्रेकरूंचा प्रश्न आमच्याच घरी येऊन उभा राहील, असे कधी वाटले नव्हते.

आमच्या सौभाग्यवतींनी सुरतेच्या एका मराठी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. हिमनदी डोंगर कशी कोरते, समुद्राला मिळताना तिचे कडे कसे कोसळतात, हे फळ्यावर निळ्या खडूने काढून दाखवण्यात त्यांची हयात गेली. हिमनदी पाहिली मात्र एकही नाही. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी ठरवले की, एकदाच का होईना, अलास्काच्या किनाऱ्याने सात रात्रींची बोटीची सफर करावी. वय आणि पैसा, दोहोंचा हिशेब पाहता दुसरी खेप होणे नाही. म्हणून निवड चुकून चालणार नव्हती.

आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड सिॲटलला आहे. तेथूनही या बोटी सुटतात. त्यामुळे आमचे सिॲटल जवळजवळ ठरूनच गेले होते. घरचे जेवण, घरचा बिछाना, आणि मागील भेटीचा अमेरिकेचा व्हिसा अद्याप चालू. कॅनडाच्या व्हिसाची कटकट तरी वाचेल, हा आमचा होरा. तो साफ चुकला. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा असा आहे की, परदेशी निशाणाच्या जहाजाने अमेरिकेच्याच एका बंदरातून उतारू घेऊन वाटेत परक्या बंदराला स्पर्श न करता परत आणून सोडता कामा नये. अलास्काला जाणारी मोठी जहाजे बहुतेक परदेशी निशाणाची. तेव्हा सिॲटलहून निघालेली बोटही परतताना कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला काही तास लागतेच. (२०२१ साली साथीमुळे कॅनडाने आपली बंदरे मिटली, तेव्हा या कायद्यातून तात्पुरती सूट देण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला.) उलट कॅनडातील व्हँकूवरहून निघावे, तर अलास्काची गावे अमेरिकेत. कसेही गेले तरी दोन्ही व्हिसे हवेतच. एवढे कळल्यावर बंदराची निवड कागदांवरून करण्याचे कारण उरले नाही. ती पाण्यावरून करणे आले.

आणि पाण्याचा अनुभव आम्हांस नेमका त्याच सुमारास आला. डिसेंबरात भावनगरला एक लग्न होते. हजिराहून घोघ्याला नोव्हेंबर २०२० पासून मोठी बोट जाऊ लागली. खुष्कीने ३७० किलोमीटर पडणारी वाट तिने ९० वर आली. मोटार पोटात घालून बोट निघाली. पहिला तास सौभाग्यवती कठड्याशी उभ्या राहून खंबायतच्या आखाताची भरती-ओहोटी एवढी मोठी का, हे शेजारच्या मुलांना समजावून सांगत होत्या. मध्यावर बोट डुलू लागली, आणि बाईंचा धडा अर्ध्यावरच राहिला. त्यांना बोट लागली ती अशी की, घोघ्याचा धक्का दिसेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. परतताना आम्ही मुकाट्याने खुष्कीने आलो. वडोदरा मागे पडल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "चार तासांत ही गत, तर सात दिवसांत काय होईल? तुम्ही एकटे जाऊन या."

एकटे जाण्यात काय अर्थ होता? हिमनदी आमच्यासाठी नव्हतीच.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघे सुवालीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सुरतेच्या व्यापाराची मोठी जहाजे सुरतेत येतच नसत. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे. तेव्हा जहाजे सुवालीला नांगर टाकीत आणि माल तेथून शहरात जाई. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला तोही येथेच. मग सुवालीच का? किनाऱ्यासमोर पाण्यात वाळूची एक लांब पाळ होती, आणि तिच्या आडोशाला जहाजे दर्याच्या माऱ्यापासून सुरक्षित राहत. हे आम्ही बोलत असता सौभाग्यवती एकाएकी थांबल्या व म्हणाल्या, "मग त्या तिकडे आडोसा कोणत्या वाटेला आहे, ते पाहिलेत का?"

घरी येऊन नकाशा पसरला. सिॲटलच्या बहुतेक बोटी व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकवरून, उत्तरेस जातात. व्हँकूवरच्या बोटींना तेच सुमारे ४५० किलोमीटर लांबीचे बेट भिंतीसारखे आड येते. त्या बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या चिंचोळ्या पाण्याने जातात. तेथे सीमोर नावाची एक खिंड आहे. तिच्यात भरतीचा ओढ एवढा की, जहाजे पाणी स्थिरावण्याची वेळ साधूनच पार होतात. खिंडीच्या मध्यावरच्या बुडीत खडकाने शंभराहून अधिक लहानमोठी जहाजे घेतली होती. ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंगाने उडवण्यात आला. पाण्याची वेळ पाहून चालणारी वाट म्हटल्यावर आम्हां सुरतकरांना ती ओळखीची वाटली.

व्हँकूवरहून सुटून दूर उत्तरेच्या व्हिटियर बंदरात सोडणारी एकेरी सफरही आहे. तिच्यात हिमनद्या अधिक दिसतात असे म्हणतात, पण शेवटी अलास्काचे उघडे आखात ओलांडावे लागते. ती आम्ही सोडली. व्हँकूवरहून निघून व्हँकूवरलाच परतणारी घेतली. तिच्यातही क्वीन शार्लट साउंडसारखी मोकळ्या पाण्याची काही तासांची वाट चुकत नाही, हे सौभाग्यवतींना आम्ही आधीच सांगून टाकले. खोली जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मिळवली. तेथे डुलणे कमी. ग्लेशियर बे ज्या यादीत आहे तीच तारीख निवडली. तेथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश असतो. १७९४ साली व्हँकूवरच्या मोहिमेतील माणसांनी पाहिला तेव्हा हा उपसागर बहुतेक बर्फानेच भरलेला होता. आज बर्फ सुमारे शंभर किलोमीटर मागे हटला आहे. तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या खडूच्या आकृतीत किनारा कोठे काढला होता, ते आता सौभाग्यवतींना आठवत नाही. त्याची त्यांना चुटपुट आहे.

राहिला पुतण्या. "काका, घर असताना बंदर का शोधता?" असे तो म्हणाला, आणि फोनवर बराच वेळ गप्प राहिला. वाईट आम्हांलाही वाटले. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, की तो आगगाडीने व्हँकूवरला येऊन आम्हांला बोटीवर चढवील. अंतर म्हणाल तर आपल्या सुरत-मुंबईहून थोडे कमीच. परतताना आठ दिवस त्याच्याकडे राहायचे ठरले आहे.

जूनची तारीख आहे. लोकरीचे कपडे सुरतेत मिळवणे हा निराळाच विषय आहे. बोट लागल्यास तोंडात धरावयास आलेपाकाच्या वड्या घरीच करून पाहणे चालू आहे. पहिला घाणा येथल्या दमट हवेने मऊ पडला. दुसरा थोडा अधिक आटवायचा आहे.