खडकीस, घर शोधणाऱ्यांच्या वतीने

प्रिय खडकी,



तुझ्या नावावर सध्या बराच व्यापार चालू आहे, तो तुझ्या कानावर घालावा म्हणून हे पत्र. माझ्या भाचीला शिवाजीनगरला नोकरी लागली, पाठोपाठ लग्न ठरलं आणि दोघं जागा बघायला लागली. औंध-बाणेरचे भाव ऐकून झाले, रावेतहून रोज येण्याजाण्याचा हिशेब मांडून झाला. मग एजंटने तुझं नाव काढलं. झाडी, शांतता, लष्कराचा शेजार, स्टेशन हाकेच्या अंतरावर! बघायला गेलो तर इमारत बोपोडीत, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीत. गॅलरीतून दिसणारी झाडं तेवढी तुझी.

बोपोडीला नावं ठेवायचा हेतू नाही, मी स्वतः तिथेच राहतो. पण तुझी सावली विकायची आणि तुझे नियम मात्र गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत, हा प्रकार मला खटकला.

एजंट खोटं बोलत नव्हता, हेही सांगतो. मुंबई-पुणे लोहमार्ग तुझ्या अंगणातून जातो, लोणावळ्याची लोकल तुझ्याकडे थांबते. मेट्रो 1 ऑगस्ट 2023 पासून तुझ्या डोक्यावरून नुसतीच जात होती, ती जून 2025 मध्ये थांबायला लागली. एका बाजूला विद्यापीठ, दुसरीकडे मुळा, पलीकडे दापोडी. शहराच्या इतक्या मध्यात इतकी मोकळी जमीन पाहिली की घर घेणाऱ्याला वाटतं, इथे भाव अजून चढलेला नाही तोवर घुसावं. ही जमीन मोकळी का राहिली, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर 5 नोव्हेंबर 1817 या तारखेत आहे. संगमावरची रेसिडेन्सी सोडून इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन तुझ्याकडे, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या आसऱ्याला आला. बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने चालून आली आणि त्या संध्याकाळी लढाई हातची गेली. पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित तिथेच पडले. पुढच्या बारा दिवसांत शनिवारवाडाही गेला. लढाई संपली, राज्य गेलं, कंपनीही गेली, पण तुझ्याकडची छावणी हलली नाही. 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, 1940 मध्ये हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी आली. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, 512 वर्कशॉप, मिलिटरी हॉस्पिटल, सगळं तुझ्या कुशीत. जिथे स्फोटकं तयार होतात तिथे दाट वस्ती नको, हा साधा हिशेब आहे. ज्याला जाहिरातवाले ‘हिरवाई’ म्हणतात ते मुळात लष्कराने राखलेलं अंतर आहे.

आणि म्हणूनच तुझ्याकडे घर घेणं म्हणजे कागदांशी कुस्ती. पुण्यात इतरत्र माणूस सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मागतो. तुझ्याकडे मागायचा तो जीएलआरचा, म्हणजे जनरल लँड रजिस्टरचा उतारा. त्यात जमिनीचा वर्ग लिहिलेला असतो. लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन ए-वन, ओल्ड ग्रँटची बी-थ्री, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे सोपवलेली सी. ओल्ड ग्रँट ही कंपनी सरकारच्या काळातली पद्धत. भिंती, छप्पर तुमचं, खालची जमीन सरकारची. सरकारला जागा हवी झाली तर नोटीस द्यायची, बांधकामाचा मोबदला चुकता करायचा आणि ताबा घ्यायचा. बंगल्यात चार पिढ्या नांदल्या तरी जमीन कुणाच्या नावावर चढत नाही. बाकी ठिकाणी लीज असते, आणि ती चालू आहे की नूतनीकरणाअभावी संपून पडली आहे, हे वेगळं तपासावं लागतं. अशा जागेला बँका कर्ज द्यायला कां-कू करतात ते उगाच नाही. एक मजला चढवायचा तरी बोर्डाची परवानगी, आणि एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, महापालिकेपेक्षा कमी. तुझ्या बाजारातली जुनी घरं मोडकळीला आली तरी उभी का, याचं कोडं इथे सुटतं. मालक आळशी आहेत अशातला भाग नाही.

या सगळ्यात मला खरी टोचणी लागते ती तुझ्या जुन्या माणसांची. फॅक्टरीत आणि लष्करी डेपोत कामाला देशभरातून माणसं आली. तमिळ घरं तर इतकी, की तुझ्या गल्ल्यांत मराठी, हिंदी, तमिळ एकाच वाक्यात ऐकू येतात. हॉकीपटू धनराज पिल्ले याच वस्तीतला. वडील फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे, मुलगा चार ऑलिंपिक खेळला. अशी किती कुटुंबं क्वार्टरमध्ये वाढली! पण क्वार्टर नोकरीपुरतं. निवृत्तीचा कागद आला की किल्ल्या परत करायच्या आणि सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी, दिघी असं कुठेतरी दोन खोल्यांचं बघायचं. ज्यांनी तुला तुझा चेहरा दिला, त्यांना तुझ्याकडे विकत घेण्यासारखं घर कधी नव्हतंच. दिवाळीत ही मंडळी खरेदीला तुझ्याच बाजारात येतात.

आता नवं प्रकरण. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत विलीन करायचं केंद्राने धोरण ठरवलं आहे. हिमाचलातलं योल 2023 मध्ये छावणीतून मोकळं झालं, तुझंही नाव यादीत आहे. तुझ्या रहिवाशांना विलीनीकरण हवं आहे, यात नवल नाही. 2021 पासून बोर्डात लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नाही. 2023 मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मतदानाआधीच रद्द झाली. जीएसटी आल्यावर बोर्डाचं स्थानिक कराचं उत्पन्नही आटलं. 2011 च्या जनगणनेत सत्तर हजारांच्या वर लोकसंख्या असलेल्या वस्तीने नळाची, गटाराची तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं?

पण ‘विलीन झालं की भाव दुप्पट’ असं सांगत जे फिरतात, त्यांनी केंद्राची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचलेली दिसत नाहीत, किंवा वाचून गप्प आहेत. रस्ते, शाळा, दवाखाने अशा नागरी सोयींची मालमत्ता महापालिकेकडे फुकट जाणार, बोर्डाची देणीही जाणार. जमिनीची मालकी मात्र जिथे केंद्राची आहे तिथे केंद्राकडेच राहणार. म्हणजे घरपट्टी महापालिकेला भरायची आणि जमीन संरक्षण खात्याचीच! उद्या एफएसआय वाढला तरी ज्याच्याकडे जमीन नाही तो बांधणार कशावर?

म्हणून तुझ्या बाजूने एक मागणी मांडतो. विलीनीकरणाच्या आधी नागरी भागातल्या ओल्ड ग्रँट आणि लीजच्या जागांचा निकाल लावा. रास्त रक्कम घेऊन मालकी द्या, नाहीतर दीर्घ मुदतीची स्पष्ट लीज करून द्या, पण बाजारातल्या घरमालकाला अधांतरी ठेवून नुसती पाटी बदलू नका. आणि हे करताना तुझ्या जुन्या बंगल्यांच्या भागातल्या झाडांना हात लावू नका. ती सगळ्या शहराच्या कामी येतात, एकट्या बिल्डरच्या नाही.

भाचीला मी माझं मत सांगून टाकलं आहे. बोपोडीतला फ्लॅट घ्यायचा तर महारेराचा नंबर टाकून प्रकल्प स्वतः तपासायचा, शेजारी लष्करी भिंत असेल तर ना-हरकत पत्राची प्रत मागायची आणि झाडांच्या दृश्याचा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. तुझ्या बाजारातलं घर आवडलं तर आधी जीएलआरचा उतारा आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट. हे दोन्ही हातात येईपर्यंत टोकन द्यायचं नाही, समोरचा कितीही घाई करो.

तुझा शेजारी,
एक बोपोडीकर