कोजागरीचे मेज

गेल्या कोजागरीला जेवणाच्या मेजावर मी हौसेने पिवळ्या कण्हेरीची फुले मांडली होती. विस्मरणाचा आजार जडलेल्या आईने त्यातले एक ओठांशी नेलेले दिसले आणि माझ्या हातांना कंप सुटला. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी, हृदयाची लय बिघडवणारा. इतकी वर्षे रुग्ण तपासूनही हे मला सुचू नये! आपल्या घरी असे कुणी असेल, तर कण्हेर मेजावर आणूच नये.

यंदा झेंडू, भाताच्या लोंब्या आणि लाल भोपळा आणला. फुटण्याच्या धास्तीने काचेच्या फुलदाणीऐवजी पितळी तांब्या घेतला. अधू दृष्टीला रंग उठून दिसावेत म्हणून खाली पांढरे वस्त्र अंथरले. आईने आपणहून झेंडूचे देठ खुडले, म्हणाली, “सुई दे गं.” मी दिली, आणि शेजारीच बसून राहिले.