डेव्हिड बर्गरच्या गावी



अमेरिकेहून कोणी परत आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "नायगारा बघितला का?" आम्हा दोघांनाही तो विचारला गेला. बघितला, चांगले भिजलो, फोटोही काढले. पण या अंकात आम्हाला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका जागेबद्दल. तिथे तिकीट नाही, गर्दी नाही, आणि बघायला अर्धा तास पुरतो. ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराच्या पूर्वेला बीचवुड नावाचं गाव आहे. तिथे डेव्हिड बर्गर या आपल्या खेळाडूचं स्मारक आहे.

आमच्या वयाच्या वाचकांना हे नाव आठवत असेल. पण हा अंक नातवंडंही वाचतात, म्हणून थोडं मागून सांगतो.

मुलांनो, १९७२ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात ऑलिंपिक खेळ भरले होते. इस्रायलनेही आपलं लहानसं पथक पाठवलं होतं. ५ सप्टेंबरच्या पहाटे, सगळे झोपेत असताना, ब्लॅक सप्टेंबर या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ हल्लेखोर खेळाडूंच्या वसाहतीत शिरले. दोघांना त्यांनी तिथेच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. त्या रात्री जवळच्या एका विमानतळावर ते नऊही जण मारले गेले. एक जर्मन पोलीसही गेला. म्हणजे आपले एकूण अकरा. त्यांपैकी एक डेव्हिड बर्गर. वय २८.

तेव्हा आम्ही अशदोदला नवीनच होतो. हिब्रू अडखळत बोलायचो. रेडिओवर माणूस भरभर काहीतरी सांगत होता, आणि आम्हाला त्यातलं अर्धंच कळत होतं. शेजारीण दारात आली, तिचा चेहरा बघितला आणि उरलेलं अर्धं कळलं. म्हणून यंदा मुलाकडे ओहायोला जायचं ठरलं तेव्हा ही जागा बघायचीच, असं मनात धरलं होतं.

क्लीव्हलँडच्या विमानतळावरून शहरात जायला आगगाडी आहे. १९६८ साली ती तिथवर आली. विमानतळ असा रुळांनी जोडणारं उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं शहर. उंच टर्मिनल टॉवरच्या खाली गाडी बदलायची. दुसरी गाडी ट्रामसारखी आहे, आणि ती शेकर हाइट्स या गावातून जाते. रुळ रस्त्याच्या मधोमध, दोन्ही अंगांना हिरवळ आणि मोठमोठी झाडं. भायखळ्याच्या लोकलला लोंबकळत वाढलेली माणसं आम्ही, आमची नजर सारखी रिकाम्या बाकांकडेच जात होती! शेकर नावाच्या एका जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक पूर्वी इथे राहत, त्यावरून गावाचं हे नाव पडलं.

डेव्हिड याच गावात वाढला. वडील डॉक्टर. घरात कशाची कमी नव्हती. मुलगा अभ्यासात हुशार. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात शिकला, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्याने व्यवसाय व्यवस्थापन आणि कायदा अशा दोन्ही पदव्या घेतल्या. आणि हे सगळं करताना वजन उचलत होता! आपल्या कोकणात तालमीतल्या मुलाला म्हणायचे, "अंगात जोर आहे, पण पुस्तक उघडत नाही." याचं तसं नव्हतं.

१९६९ साली तो मकाबिया खेळांसाठी इस्रायलला आला आणि सुवर्णपदक जिंकला. मकाबिया म्हणजे जगभरच्या ज्यू खेळाडूंचा मेळा. त्यात भारतातूनही आपली मुलं आली आहेत. पदक घेऊन तो घरी गेला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण १९७० साली त्याने अलिया केली. अपंग मुलांना वजन उचलायला शिकवलं. पुढे तेल अवीवमध्ये वकिली सुरू करायचा त्याचा बेत होता. १९७१ साली आशियाई वेटलिफ्टिंग स्पर्धेत त्याने इस्रायलसाठी रौप्यपदक मिळवलं. म्युनिकला मात्र त्याला पदक मिळालं नाही. २ सप्टेंबरला त्याची स्पर्धा झाली आणि तो लवकर बाद झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी ती पहाट आली.

बीचवुडला ज्यू समाजाचं मोठं केंद्र आहे, त्याच्या आवारात हे स्मारक आहे. आधी ते क्लीव्हलँड हाइट्समधल्या जुन्या केंद्रात होतं, नंतर इथे आणलं. १९८० साली अमेरिकन काँग्रेसने त्याला राष्ट्रीय स्मारकाचा मान दिला. आम्ही गेलो तेव्हा माणसं खांद्याला पिशव्या लावून पोहायला आणि व्यायामाला येत-जात होती. मुलं पळत होती. आम्हाला आधी थोडं विचित्र वाटलं. मग वाटलं, खेळाडूचं स्मारक खेळायच्या जागीच हवं. डेव्हिडला हेच आवडलं असतं.

डेव्हिड ई. डेव्हिस या शिल्पकाराने पोलादातून हे शिल्प घडवलं. तेही मूळचे रोमानियाचे, लहानपणी इथे आलेले. ऑलिंपिकची पाच वर्तुळं तुम्ही बघितली असतील. ती इथे मधोमध तुटलेली आहेत, पाचांची दहा अर्धवर्तुळं झाली आहेत.

आमचा सात वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, हे मोडलंय. कुणी दुरुस्त का नाही करत?"

"मुद्दाम तसं केलंय रे," आजी म्हणाली. "तुझ्या आत्याच्या लग्नात पेला फोडला होता ना? तसंच. आनंदाच्या वेळीसुद्धा काय मोडलंय ते विसरायचं नाही."

खेळ मध्येच थांबले, हे त्या तुटलेल्या वर्तुळांतून सांगायचं आहे. प्रत्यक्षात ते एक दिवसच थांबले. स्टेडियममध्ये शोकसभा झाली, आणि खेळ पुढे चालूच राहतील असं ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांनी तिथेच जाहीर केलं. ते अमेरिकनच. आपलं उरलेलं पथक मात्र घरी परतलं. एस्तेर शाहामोरोव ही आपली धावपटू अडथळ्यांच्या शर्यतीत उपान्त्य फेरीपर्यंत पोचली होती. तिचे प्रशिक्षक त्या अकरांत होते. ती धावलीच नाही. चार वर्षांनी मॉन्ट्रियलला मात्र ती त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली इस्रायली खेळाडू ती.

वर्तुळांच्या खाली पोलादाचे अकरा तुकडे आहेत. एकेका माणसाचा एकेक. त्यांतला एक बाकीच्यांहून किंचित वेगळा आहे, तो डेव्हिडचा. माणसं मोजू नयेत असं आपले वडीलधारे म्हणत. पण नातू मोजायला लागला, आणि तेही मराठीत, एक, दोन, तीन... आम्ही त्याला थांबवलं नाही. मिन्यान पूर्ण होऊन वर एक.

आम्ही घरून कागदावर नावं लिहून नेली होती. ती मोठ्याने वाचली. वाचता वाचता प्रत्येकाचं जन्मस्थानही सांगत गेलो. मोशे वाइनबर्ग, कुस्तीचे प्रशिक्षक, हैफा. अमित्सुर शपिरा, एस्तेरचे प्रशिक्षक, तेल अवीव. योसेफ रोमानो, वेटलिफ्टर, लिबिया. योसेफ गुटफ्रॉइंड, कुस्तीचे पंच, रोमानिया. केहात शोर, नेमबाजीचे प्रशिक्षक, रोमानिया. आंद्रे स्पिट्झर, तलवारबाजीचे प्रशिक्षक, तेही रोमानिया. याकोव्ह स्प्रिंगर, वेटलिफ्टिंगचे पंच, पोलंड. झेएव्ह फ्रीडमन, वेटलिफ्टर, सैबेरिया. एलिएझर हाल्फिन, कुस्तीगीर, लाटव्हियातलं रीगा. मार्क स्लाविन, कुस्तीगीर, मिन्स्क. मार्क तर अठरा वर्षांचा. इस्रायलला येऊन त्याला चारेक महिनेच झाले होते, आणि त्याची पहिली कुस्ती त्याच दिवशी, ५ सप्टेंबरला व्हायची होती. शेवटी डेव्हिड बर्गर, ओहायो.

अकरांपैकी देशात जन्मलेले फक्त दोघे. बाकीचे नऊ ओलिम, आपल्यासारखे! कुणी रोमानियन बोलत आला, कुणी रशियन, कुणी इंग्रजी, जसे आपण मराठी बोलत आलो. इतकी वर्षं आम्ही त्यांना "आपले अकरा" म्हणत होतो. पण ते आपल्याच वाटेने आले होते, हे आमच्या ध्यानात आलं ते तिथे उभं राहून, नावं वाचताना.

आणि मग नवगाव आठवलं. अलिबागजवळच्या त्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली. नवगावला स्मारक आहे. आपण जातो, हश्काबा म्हणतो. पण तिथे निजलेल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. वाचलेल्या चौदांचीही नावं नाहीत. एवढासा आपला समाज, एवढी शतकं टिकला, शब्बाथ सांभाळला, पण ती नावं मात्र हातून गेली. म्हणून वाटतं, ज्यांची नावं ठाऊक आहेत ती तरी म्हणत राहावं. मोठ्या देशांच्या यादीत अकरा नावं हरवून जातात. आपल्याला तसं परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मेफील्ड कबरस्तानात गेलो. दहा जणांना इस्रायलला आणलं. त्यांतल्या पाच जणांच्या कबरी तेल अवीवच्या किर्यात शाऊलला आहेत. डेव्हिडला मात्र आईवडिलांकडे, ओहायोला नेलं. अध्यक्ष निक्सन यांनी त्यासाठी लष्कराचं विमान दिलं होतं. आम्हाला आधी वाटायचं, तोही बाकीच्यांबरोबर इस्रायलमध्येच असायला हवा होता. पण आमचाही एक मुलगा आता अमेरिकेत राहतो. आई आपलं लेकरू जवळ मागणारच. आम्ही कबरीवर दगड ठेवला, अशदोदच्या किनाऱ्यावरून नेलेला. नातवानेही एक ठेवला, तिथल्याच वाटेवरचा.

संध्याकाळी चहा घेताना मुलगा म्हणाला, "बाबा, ॲटलांटाची गोष्ट सांगा की याला." म्हणून ती आनंदाची गोष्टही इथे लिहितो.

१९९६ साली अमेरिकेतच, ॲटलांटाला ऑलिंपिक झालं. म्युनिकच्या त्या वडिलांची मुलं, तोवर मोठी झालेली, तिथे आली होती. तिथल्या ज्यू समाजाने अकरांचं स्मारक उभारलं होतं. शिडाच्या शर्यती सवाना शहराजवळच्या समुद्रात होत्या. १७३३ सालापासून ज्यू मंडळी राहतात, ते हे सवाना. तिथे गाल फ्रीडमन या आपल्या पोराने शिडाच्या फळीवर कांस्यपदक मिळवलं. हिब्रूत गाल म्हणजे लाट. आपले पूर्वज लाटांनी किनाऱ्यावर फेकले, आणि हा लाट नावाचा मुलगा लाटेवर उभा राहून पदक घेऊन आला!

त्याच खेळांत लिअँडर पेसने टेनिसमध्ये भारतासाठी कांस्यपदक मिळवलं. भारताचं वैयक्तिक पदक ४४ वर्षांनी आलं. आधीचं आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, १९५२, हेलसिंकी. आणि इस्रायल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरलं तेही त्याच हेलसिंकीला. ॲटलांटाच्या यादीत भारताचं एक कांस्य, इस्रायलचंही एक कांस्य. एक देश नव्वद कोटींहून मोठा, दुसरा साठ लाखांचाही नाही, आणि यादीत दोघे एकाच ओळीत. त्या वर्षी आमच्या घरी दोन्ही पदकांचे पेढे वाटले.

२००४ साली अथेन्सला गालने सुवर्णपदक जिंकलं आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हातिक्वा वाजलं. आम्ही टीव्हीसमोर उभे राहिलो होतो. त्या दिवशीही त्याला म्युनिकच्या अकरांची आठवण होती. ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्या अकरांसाठी सगळं स्टेडियम स्तब्ध उभं राहायला मात्र २०२१ उजाडलं. ४९ वर्षं. तोवर त्यांच्या बायका दर खेपेस जाऊन मागत राहिल्या.

२०२८ साली खेळ पुन्हा अमेरिकेत, लॉस एंजेलिसला आहेत. उद्घाटनाला आपलं पथक येईल तेव्हा ते लहानच दिसेल. आधीच्या देशाची रांग संपेपर्यंत आपली आलीसुद्धा आणि गेलीसुद्धा. आजी-आजोबांनो, त्या रात्री नातवंडांना जवळ बसवा. आणि पथक दिसायच्या आधी ती अकरा नावं एकदा म्हणून घ्या. सगळी आठवली नाहीत तर या अंकातून वाचा. आमच्या नातवाला आता दहा येतात. अकरावं, स्प्रिंगर, अजून विसरतो. पण येईल.