दर्या आणि दऱ्या

चिकपेटेत सकाळी साडेनऊपर्यंत माणसाला आकाश दिसते. मग एकेक शटर वर जाते, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल बोळांत शिरतात, आणि मान वर करण्याइतकी जागा उरत नाही. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठे. चिक्कपेटे आणि दोड्डपेटे या दोन रस्त्यांच्या छेदावर १५३७ साली केंपेगौडाने बैलांच्या चार जोड्या चार दिशांना सोडल्या आणि त्यांच्या नांगरांनी शहराच्या मुख्य रस्त्यांच्या रेषा आखल्या, अशी कथा सांगतात. दोड्डपेटेचा पुढे अव्हेन्यू रोड झाला. चिकपेटेने मात्र आपले नाव टाकले नाही. २०१७च्या जूनमध्ये तिच्या पोटाखालून मेट्रो धावू लागली, तेव्हा स्थानकालाही तेच नाव मिळाले.

या पेठेतल्या मराठी घरांना आपला संबंध शहाजीराजांशी जोडायला आवडते. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, हे खरेच आहे. पण इथले शिंपी आणि भावसार सगळे काही घोड्यावर बसून आले नाहीत. पुष्कळजण कापडाच्या मागोमाग आले आणि कापडाजवळ राहिले. त्यांची मराठी घराच्या उंबऱ्याआत राहिली. बाहेर कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि गिऱ्हाईक पाहून इंग्रजी. तीन-चार पिढ्यांनंतर ती मराठी बोलली जाते, पण लिहिली क्वचितच जाते.

रंगस्वामी देवळाच्या रस्त्यामागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारे वृद्ध गृहस्थ मात्र ती लिहीत. घरात त्यांना अण्णा म्हणतात. पेठेतही अण्णाच म्हणतात, पण कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे एकाच हाकेने ते घरात वडील आणि रस्त्यावर भाऊ होत. चाळीस वर्षे त्यांनी कपडे बेतले आणि रफू केली. हात कापू लागल्यावर कात्री खाली ठेवली, आणि २००९ साली मुलाने एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकापुढे जाऊन बसले. मुलाने त्यावर लिनक्स घातले होते, मराठी टंक बसवले होते. वर्षभरात तो जर्मनीला गेला. यंत्र राहिले.

अण्णांनी त्यावर आईच्या ओव्या उतरवल्या. जात्यावरच्या, न्हाणवताना म्हणायच्या, मुलीला सासरी धाडतानाच्या, दोनशेच्या वर. आईने त्या म्हटल्या तेव्हा एका वहीत त्यांनी पेन्सिलीने टिपून ठेवल्या होत्या. वहीवरून संगणकात घेतल्या. पुढे एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि वही गेली. तोवर आईही गेली होती. मुलगा दर फोनवर सांगे की दुसरीकडे एक प्रत ठेवा. अण्णा हो म्हणत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांत दोन बोटे वाढीव माया ठेवली, त्याने स्वतःच्या कामात ती ठेवली नाही, याचे नवल वाटते. पण असे होते खरे.

२०२४च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पेठेतली वीज गेली ती रात्रभर आली नाही. सकाळी अण्णांनी बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि पेटीतून थांबून थांबून शिटी येऊ लागली.

ही शिटी म्हणजे यंत्राची पहिली भाषा. पडद्यावर काही दाखवण्याआधी यंत्र आपले अवयव तपासते, आणि एखादा जागेवर सापडला नाही तर बोलायला त्याच्यापाशी तेवढाच आवाज असतो. किती शिट्या, लांब की आखूड, यावरून दोष कुठला ते ओळखायचे. प्रत्येक बनावटीचा संकेत वेगळा. म्युनिकची घड्याळे उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. मुलगा झोपेतून उठला, त्याने फोनवर शिट्या ऐकल्या आणि म्हणाला, “अण्णा, मेमरीची पट्टी सुटली असेल. पेटी उघडा. आधी वायर काढा मात्र.”

पेटी उघडली तेव्हा आत चिकपेट भरलेली होती. रेशमाची आणि सुताची लव पंखिणीच्या पात्यांवर, प्रोसेसरवरच्या धातूच्या फण्यांत गच्च बसलेली. कापडाच्या बाजारात पंधरा वर्षे श्वास घेतलेल्या यंत्राचे फुप्फुस असेच असणार. अण्णांनी शिवणयंत्र साफ करण्याचा ब्रश आणला. लव काढली, पट्टी अलगद उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, आणि ती पुन्हा खाचेत दाबली, दोन्ही बाजूंचे चाप वाजेपर्यंत. दातांवर चढलेला बारीक थर रबराने निघतो, संपर्क पुन्हा नीट जुळतो. ही युक्ती एस. पी. रोडवरच्या पोऱ्यालाही ठाऊक असते. पडदा उजळला.

पण यंत्र अर्ध्या वाटेत थांबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या चार-पाच ओळी आल्या, आणि खाली चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला. मुलगा तोवर कामावर गेला होता. अण्णांनी पेटी चादरीत गुंडाळली आणि ते एस. पी. रोडला निघाले.

सदर पत्रप्पा रस्ता चिकपेटेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. लोखंडी सामानाच्या, बेअरिंगच्या, विजेच्या तारांच्या दुकानांमध्ये इलेक्ट्रॉनिक भागांचा बाजार केव्हा शिरला ते आता कुणी सांगत नाही. पण या शहराच्या चकचकीत संगणकी कीर्तीचा हा तळमजला आहे. तिथल्या एका दुकानात पोराने पेटी टेबलावर घेतली, पडदा जोडला, ओळी न वाचता म्हणाला, फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळी या. अण्णांनी विचारले, आतले राहील ना? पोरगा हसला. आत काय आहे असे एवढे?

अण्णांनी पेटी पुन्हा चादरीत गुंडाळली.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. ओळी वाचायला त्याला वेळ नव्हता. पुसून नवे घालणे दोन तासांचे काम, आणि दोष शोधणे किती वेळाचे हे कुणीच सांगू शकत नाही. सगळ्याच बाजारांत रफूपेक्षा नवा कपडा स्वस्त पडू लागला, त्यातलाच हा एक प्रकार.

रात्री मुलाने विचारले, “नक्की काय लिहिलंय?” अण्णा म्हणाले, “अरे, काहीतरी इंग्रजीत येतंय.” “काहीतरी नको. अक्षर अक्षर वाचा.” अण्णा चष्मा लावून वाचू लागले. हार्ड डिस्क याआधी शेवटची जोडली गेली ती वेळ भविष्यातली आहे, असे यंत्राचे म्हणणे होते. कंसात ती तारीख होती, २०२४ सालची, परवाची. तिच्यापुढे ‘आत्ता’ म्हणून दुसरी तारीख होती. ती वाचताना अण्णा थांबले. १ जानेवारी २००९.

दोष तिथेच लिहिलेला होता. संगणक बंद असतानाही त्यातले घड्याळ चालावे म्हणून मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचे नाव तिच्या मापावरून पडले: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ती केव्हाची संपलेली होती; पण पेठेत वीज सहसा फार वेळ जात नसल्याने आणि अण्णा भिंतीवरचे बटण कधी बंद करीत नसल्याने घड्याळ बाहेरच्या विजेवर चालत राहिले. रात्रभर वीज गेली तेव्हा ते थांबले आणि सकाळी आपल्या जन्मवर्षी जाऊन उभे राहिले. लिनक्सचा काळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजला जातो. त्या मोजणीला हार्ड डिस्कवरच्या सर्व खुणा पंधरा वर्षे पुढल्या दिसल्या. जे अजून घडायचे आहे ते आधीच लिहिलेले आहे, असे पाहून त्याने पुढे जायचे नाकारले आणि माणसाला हाक मारली. यंत्राचा यात काय चुकला न्याय?

दुसऱ्या दिवशी अण्णा रिकाम्या हाताने एस. पी. रोडला गेले, आणि वाटाण्याच्या पुडीएवढ्या कागदात बॅटरी घेऊन आले. त्याच फेरीत एका टपरीवजा दुकानातल्या तरुणाने त्यांना पेन ड्राइव्हवर एक नवे लिनक्स भरून दिले. हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच यंत्र सुरू होते, म्हणजे दुरुस्तीच्या आधी आतले बाहेर काढता येते. हे करा आणि मगच पुढचे, असे मुलाचे बजावणे होते. त्या तरुणाने पैसे फक्त पेन ड्राइव्हचे घेतले. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०ला मिळणारी मोफत दुरुस्ती थांबली. ज्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चढत नाही, त्यांना दुसरे आयुष्य द्यायचे तर अशीच माणसे लागतात.

बॅटरी बसली. तारीख हाताने लावली. पेन ड्राइव्हवरून यंत्र उठले खरे, पण पडदा पुन्हा काळा. जुने चित्रपत्र आणि नवी प्रणाली यांचे जमेना. सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द वाढवून यंत्राला साध्या पडद्यावर समाधान मानायला सांगितले, तेव्हा ते मानले. ओव्यांची फाइल बाहेर आली. मग हार्ड डिस्कची तपासणी निर्वेध पार पडली. आवाज कुठून येत नाही हे शोधण्यात आणखी दोन दिवस गेले. तो केवळ मुका करून ठेवलेला होता. असो.

मुलाने मग सुचवले की आता नवी डिस्क आणि नवी प्रणालीच घ्या, जुनीवर भरवसा नको. तेही झाले, अण्णांच्याच हाताने. आणि खरी अडचण त्यानंतर आली.

अण्णांना ‘वाऱ्या’ हा शब्द असलेल्या ओव्या हव्या होत्या. त्यांनी शोध घेतला, सात-आठच मिळाल्या. असल्या पाहिजेत त्याहून कितीतरी अधिक. फाइल खालीवर पाहिली तर शब्द डोळ्यांपुढे दिसतो आहे आणि यंत्र म्हणते, नाही.

१९९१ हे वर्ष या बाबतीत मोठे चमत्कारिक. त्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपली प्रणाली जाहीर केली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक ठरले. आणि त्याच ऑक्टोबरात देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिघे एकाच वर्षी जन्मले, पण त्यांची गाठ नीट पडायला दशकाहून अधिक काळ गेला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित टंक रेड हॅटने २००४ साली मुक्त केले, तेव्हा कुठे लिनक्सवर देवनागरी सुखाने नांदू लागली. त्यातही मराठीची एक अडचण वेगळीच होती. हिंदीला ‘र्य’ पुरतो. मराठीत आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगायचे, तर रफार वेगळा आणि भुवईसारखा अर्धा र वेगळा.

अण्णांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा हा भुवईचा र त्यांना काढता येत नव्हता. पहिले काही महिने त्यांनी सरळ रफारच दिला. मग मुलाने सांगितले की र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह दिले की जमते. काही महिने तसे लिहिले. पुढे इनस्क्रिप्ट कळफलकाच्या तक्त्यात त्यांना आढळले की र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो, त्याला हलन्त दिला की काम झाले. पुढचे सारे त्या पद्धतीने. म्हणजे एकाच फाइलीत एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. त्यांतल्या दोन तऱ्हा डोळ्याला सारख्याच दिसतात, पण पोटात वेगळ्या असतात, आणि यंत्र पोट पाहते.

जोडचिन्हाच्या जागी नवा ऱ घालणे एका आज्ञेचे काम होते, क्षणात झाले. राहिल्या त्या पहिल्या महिन्यांतल्या, रफाराच्या. तिथे आज्ञा चालत नव्हती, कारण काही रफार खरेच रफार होते आणि काही नव्हते, आणि ते ठरवायला ओवी कानात असावी लागते. अण्णा एकेक वाचत गेले. बहुतेक ठिकाणी हात थांबला नाही.

एका ओवीवर थांबला. माहेरची वाट सांगणारी ओवी. लिहिलेले होते ‘दर्या’. भाऊ न्यायला येतो, मध्ये काय पसरलेले आहे? समुद्र, की डोंगरांमधल्या दऱ्या? ओवीला दोन्ही चालत होते. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. घाटही पाहिला नव्हता. तिचे सारे आयुष्य चिकपेटेत आणि माहेर बळेपेटेत, चालत पाच मिनिटांवर. शब्द तिच्या आईचा, कदाचित तिच्याही आईचा. वही वाळवीने नेलेली.

अण्णांनी हुबळीला थोरल्या बहिणीला फोन लावला. ऐंशी उलटलेल्या, ऐकायला कमी येणारी. ओवीची पहिली ओळ त्यांनी दोनदा सांगितली. पलीकडे थोडा वेळ काहीच नव्हते, मग तिने म्हणायला सुरुवात केली, आणि नेमक्या त्या शब्दापाशी खालच्या बोळात शटर खडखडत वर गेले.

“अक्का, परत एकदा म्हण.”

तिने परत म्हटले. ती म्हणत होती तो शब्द दर्याही नव्हता आणि दऱ्याही नव्हता. ती ‘दरी ग’ म्हणत होती, आणि गळ्याच्या कापण्यात तो ‘दऱ्या ग’सारखाही ऐकू येत होता. अण्णांनी तिला तिसऱ्यांदा विचारले नाही. यंत्रात त्यांनी तिन्ही रूपे एकाखाली एक लिहिली, शेवटच्यापुढे अक्काचे नाव आणि ती तारीख घातली, आणि फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.